वाकड्या रिमचा पुरावा

नगरपालिकेने न बुजवलेल्या खड्ड्यात माझ्या सायकलचे पुढचे चाक वाकले, तेव्हा मी गणपत मिस्त्रींना स्पष्ट बजावले होते : चाकाच्या मधल्या जुन्या हबवर नवी रिम चढवा; वाकडी रिम मात्र आहे तशीच परत द्या, तक्रारअर्जासोबत ती पुरावा म्हणून सादर करायची आहे.

आज दुकानात गेलो, तर तीच रिम सरळ होऊन जुन्या हबभोवती बसली होती. मिस्त्री एकेक आरा बोटाने छेडून त्याचा आवाज ऐकत होते. जो बद्द वाजे, त्याला चावीने पाव फेरा देत होते.

“अहो, माझा पुरावाच नष्ट केलात तुम्ही!” मी कडाडलो.

“रिम चांगली निघाली, साहेब. वाकडी परत द्यायला हात धजेना. तुम्ही काय, नुसत्या कागदानेही भांडाल!”

आयुष्यभर मी मोडलेल्या गोष्टी मोडल्या तशाच जपल्या, तारीख घालून, कोणीतरी दखल घेईल म्हणून. दुरुस्त झालेल्या नुकसानाची फिर्याद कोणते कार्यालय ऐकेल?

मिस्त्रींनी चाक फिरवले. कोठेही न डगमगता ते बराच वेळ फिरत राहिले. अर्ज मी देणारच आहे आणि पुराव्याअभावी तो बहुधा फेटाळला जाईल. तरीही चाक थांबल्यावर मी ते स्वतःच्या हाताने पुन्हा एकदा फिरवले.