प्रभुभोजनातून उठवलं

"मामलेदारनी स्वारी येल शे. लाकडं फोडाले चाल. ऊठ!"

आमच्या ख्रिस्ती देवळाच्या दारातून कोतवाल ओरडला. माझा बाप गुडघ्यावर होता. प्रभुभोजनाचा, येशूच्या आठवणीत घ्यायच्या द्राक्षरसाचा प्याला पुढच्या बाकांवरून फिरून आमच्या तरटापर्यंत आला होता. बाकांवर वरच्या जातींतून ख्रिस्ती झालेले, तरटावर आम्ही महारवाड्यातले. प्याला एकच. त्यांचं उष्टं आम्हाला चालायचं, आमचं त्यांना नाही.

बाप म्हणाला, "पाद्रीबाबा, एवढं लेवू द्या, मंग जास."

पाद्रीबाबांनी प्याला मागे घेतला. "आधी जा. सरकार देवानंच नेमलंय."

पुढून कुणीतरी हसलं. बाप गेला. दिवसभर उपाशीपोटी लाकडं फोडली. वेठच ती, मजुरी कसली? ख्रिस्ती झालो तरी सुटली नव्हती.

मी दहाएक वर्षांची. बायकांच्या बाजूला आईला चिकटून बसले होते. कोतवालाच्या काठीला भ्यायचेच. त्या दिवसापासून पाद्रीबाबांच्या पांढऱ्या झग्यालाही भ्यायला लागले.

पुढच्या प्रभुभोजनाला पुन्हा कोतवाल. पुन्हा तीच हाक. बाप मुकाट्यानं उठायला लागला. त्याची खाली गेलेली मान पाहिली. भीत भीतच उभी राहिले.

"पाद्रीबाबा, बाले उठाडू नका. पुढला लोकेसले धाडा. त्या बी सरकारनी रयत शेतस ना?"

आईनं मला खाली ओढलं, तोंड दाबलं. "चूप! मारी टाकतीन!"

पाद्रीबाबा बापाला म्हणाले, "पोरीला आवर. बापाचा मान राखावा, हीसुद्धा देवाचीच आज्ञा आहे."

बापानं माझ्याकडं पाहिलं. वाटलं, आता मारतो. तो परत गुडघ्यावर बसला. तोंड उघडून बसला.

प्याला आला नाही. कोतवालानं दंडाला धरून त्याला बाहेर ओढलं, चावडीपुढं उन्हात उभं केलं. संध्याकाळपर्यंत. देवळातलं एक माणूस तिकडं फिरकलं नाही. बाप घरी आला तेव्हा त्याला बोलता येत नव्हतं.

आई मला म्हणाली, "हाई तुनामुये व्हयनं."

खरं होतं ते. रात्रभर मी बापाकडं पाहू शकले नाही. पण बोललेलं परत घ्यावं, असं एकदाही वाटलं नाही.

भीती गेली, असं खोटं सांगणार नाही. दारात कुणी चढ्या आवाजात बोललं की आजही कापरं भरतं. आता लग्नही झालंय. घरात नवरा, देवळात पाद्री, चावडीत सरकार. तिघंही देवाचं नाव घेऊन आम्हालाच उठवतात. उठवू देत. कापत बसेन, पण उठणार नाही.