तिसऱ्या बेसवरचा पाय

बायकोला नाही, माझ्या फजितीचे किस्से तोंडपाठ असलेल्या मित्रांनाही नाही — हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. पॅन्टचं बटण तुटलं इथवरचा भाग शंभरदा सांगितलाय. लोक हसतात, मी तिथेच थांबतो. आज पुढचं सांगतो.

मी सॉफ्टबॉलचा पंच. जळगाव-धुळ्याकडे शाळाशाळांत हा खेळ चालतो. माझं काम बेसवरच्या पोरींच्या पायांवर नजर ठेवायचं. पिचरच्या हातून चेंडू सुटेपर्यंत पाय बेसला टेकलेला हवा. आधी सुटला की धावणारी बाद. पापणी लवते ना, तेवढ्याचाच फरक — पण तो मला हमखास दिसतो अशी ख्याती होती. पोरी मला दुर्बीण सर म्हणायच्या. आवडायचं मला ते. खोटं कशाला बोलू?

बारा-तेरा वर्षं झाली. धुळ्यात मुलींचा अंतिम सामना होता. दुपारी यजमानांनी भरीत-पुरी वाढली, मी नको तितकी चापली, आणि शेवटच्या डावात बटण उडालं. कुणाकडून तरी सेफ्टी पिन मागून घेतली. जळगावचा संघ एका धावेनं मागे, दोघी बाद; तिसरी बाद झाली की खेळ खलास. तिसऱ्या बेसवर अश्विनी — भडगावकडची, शेतकऱ्याची पोर. तिच्याइतकी पळणारी मी तोवर पाहिली नव्हती. राज्याचा संघ निवडणारे समोर मांडवातच बसलेले. पिचरनं हात फिरवला —

आणि मी खाली बघत होतो. पिन लावत होतो.

बॅटचा आवाज आला तेव्हा मान वर केली. अश्विनी निम्म्या वाटेवर. एवढ्यात एवढी लांब? म्हणजे आधीच निघाली असणार... विचार पुरा व्हायच्या आत माझा हात वर गेला होता. बाद. सामना संपला.

मी पाहिलं नाही — एवढंच म्हणायचं होतं. पण दुर्बीण सरांनी पाहिलं नाही? कशापायी, पिनेपायी? सगळं मैदान हसलं असतं. तिचे प्रशिक्षक विचारायला आले, तर मी म्हणालो, बोटभर आधी सुटला पाय. बोटभर! मापसुद्धा दिलं मी.

त्यांनी तिला सगळ्यांदेखत झापलं. सासरी जायची घाई झाली होती का, म्हणाले. ती रडली नाही. सरळ माझ्याकडे आली.

"सर, मना पाय आधी सुटी गया व्हई. माफ करा."

स्वतःचा पाय कधी सुटला हे तिला कळलं नसेल? कळलं असणार. पण तिनं स्वतःच्या पायापेक्षा माझ्या डोळ्यांवर जास्त भरवसा ठेवला. आणि मी — मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. म्हणालो, होतं गं, पुढच्या वेळी जपून.

राज्याच्या यादीत तिचं नाव आलं नाही. पुढच्या हंगामात दिसली, तर चेंडू सुटला तरी बेसवरच. आधी माझ्याकडे बघायची, मग पाय उचलायची. तोवर उशीर झालेला असायचा. त्यानंतरच्या वर्षी ती संघात नव्हती.

यंदाच्या हिवाळ्यात भडगावकडच्या एका शाळेनं मला पाहुणा म्हणून बोलावलं. तिथली खेळाची शिक्षिका अश्विनी. शाल, नारळ झाला. तिनं माइक हातात घेतला.

"खेळात खरेपणा काय असतो, ते मला या सरांनी शिकवलं."

टाळ्या झाल्या. मी हात जोडले. तेव्हा तरी बोलायचं होतं, नाही का? नाही बोललो.

मग तिच्या पोरींचा सामना सुरू झाला. चेंडू सुटायचा, समोरच्या संघाच्या पोरी भुर्रकन निघायच्या. हिच्या पोरी मात्र बेसला चिकटलेल्या, मान वळवून पंचाकडे बघणाऱ्या. बाहेरून अश्विनीचा आवाज — थांब गं, अजून थांब. त्या थांबायच्या. मग धावायच्या आणि बाद व्हायच्या, एकामागून एक.

मी शाल पांघरून बघत होतो. त्या दिवशी एकही पाय माझ्या नजरेतून सुटला नाही.