तोंड एकोणीसचं, अंग चौदाचं

त्या गाडीचा विषय निघाला की आजही माझं डोकं तापतं. नोकरीत मी खुनी पाहिले, दरोडेखोर पाहिले. त्यांच्यातल्या काहींशी नंतर शांतपणे बोलूही शकलो. या प्रकरणातल्या माणसाशी मात्र आजही बोलू शकणार नाही.

तेव्हा लातूरजवळच्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. भर दुपारी नांदेड रस्त्यावरच्या अपघाताची खबर आली. कंधार तालुक्यातला एक बागायतदार बायको आणि मुलीसह लातूरला निघाला होता. मुलीला क्लासच्या वसतिगृहावर सोडायचं होतं. वाटेत म्हैस आडवी आली, त्याने गाडी वळवली आणि ती मोरीच्या कठड्यावर आदळली. मागे बसलेल्या मायलेकी वाचल्या. तो स्टिअरिंगवर छातीनिशी आपटून जागीच गेला.

हवालदाराने पंचनामा केला आणि नेहमीच्या साच्यात मयतावरच गुन्हा नोंदवला: वाहन भरधाव व निष्काळजीपणे चालवून स्वतःच्या मृत्यूस कारणीभूत. आरोपीच मयत, त्यामुळे तपास संपल्यात जमा. कागद माझ्यापुढे आले. मी सही केली. दहा मिनिटंही लागली नाहीत.

तेरावा उरकून त्याची बायको ठाण्यात आली. अंगणवाडी सेविका होती. उजवा हात प्लास्टरमध्ये होता.

“साहेब, त्याईचं नाव आरोपी म्हणून लिवलंय म्हणे?”

“कायद्याने तसंच लिहावं लागतं, ताई.”

“मंग त्यो एअरबॅग का न्हाई फुगला? त्याच्यासाठीच तर दोन हजार एकोणीस सालची गाडी घेतली.”

हवालदार म्हणाला, “बाई, नशिबात होतं ते झालं. गाडीला कशाला दोष देता?”

ती त्याच्याकडे वळलीही नाही. माझ्याकडेच बघत बोलत राहिली. ही सात आसनी गाडी घ्यायची ठरल्यावर नवरा-बायको दोन महिने वेगवेगळ्या वर्षांची मॉडेलं ताडून बघत होते. चौदाच्या साध्या मॉडेलात एअरबॅग नव्हती. सोळाच्या गाडीला पुढची जाळी आणि दिवे बदलले, आत तेच. एकोणीसच्या गाडीत मात्र चालकापुढे एअरबॅग आली. नवऱ्याला चौदाची बरी वाटत होती, इंजिन तेच आहे म्हणून.

“मीच म्हणलं, चौदाची नगं. घरची समदी माणसं बसणार हायती. नांदेडच्या दुकानात एकोणीसची भेटली. कागदावर बी एकोणीसच हाय, साहेब.”

मी ‘बघतो’ म्हणालो. खरं सांगायचं तर तिला वाटेला लावण्यासाठीच म्हणालो.

चार दिवसांनी आमची जीप दुरुस्त करायला मिस्त्री आले. लातूरच्या जुन्या बाजारात त्यांच्या तीन पिढ्यांचं गॅरेज, सगळे त्यांना चाचा म्हणत. आवारातली ती चेपलेली गाडी पाहून ते थबकले. दार उघडून आत वाकले, चालकाच्या सीटबेल्टचा पट्टा पार मुळापर्यंत ओढून बघितला आणि थेट माझ्या खोलीत आले.

“साहब, त्या गाडीचं तोंड एकोणीसचं हाय, अंग चौदाचं.”

“कशावरून?”

“चला, दाखवतो.”

पट्ट्याच्या मुळाशी कारखान्याची चिठ्ठी शिवलेली असते. तिच्यावर चौदा साल होतं. मागच्या काचेच्या कोपऱ्यातली खूणही त्याच वर्षाची. जाळी, दिवे, बंपर तेवढे नवे. मी दोन पंच बोलावले. त्यांच्यासमक्ष चाचांनी स्टिअरिंगवरचं झाकण उचकटलं. वर ‘एअरबॅग’ अशी अक्षरं, आत पोकळ. पोकळ लागू नये म्हणून थोडा फोम कोंबला होता.

मला डोळ्यांपुढे त्या बाईचा प्लास्टरमधला हात दिसत होता आणि तिच्या नवऱ्याला आरोपी ठरवणाऱ्या कागदावरची माझी सही.

“चाचा, हे काम कोण करतं?”

ते जरा घुटमळले. “नांदेडचा येक गाडीवाला माझ्याकडं बी आलता. अपघातात मोडून गेलेल्या नव्या गाडीचे कागद घ्यायचे, तिचा चेसी नंबर जुन्या गाडीवर ठोकायचा. मी हाकलला त्याला. पन सांगितलं न्हाई कुनाला. गलती झाली, साहब.”

माझी चूक त्यांच्याहून मोठी होती.

अंगणवाडीताईंची नव्याने फिर्याद घेतली, फिर्यादीत फक्त बनावट नंबर आणि कागदांचाच उल्लेख ठेवला. स्टिअरिंगच्या झाकणाबद्दल बाहेर एक शब्द जाऊ द्यायचा नाही, अशी पंचांना आणि चाचांना ताकीद दिली. मग नांदेडच्या त्या दुकानदाराला चौकशीला आणलं. पांढरे कपडे, गोड बोलणं. येण्याआधीच त्याच्यासाठी मला दोन फोन येऊन गेले होते.

“साहेब, मी मधला माणूस. जशी आली तशी विकली. नंबर कुणी बदलला, मला काय ठाऊक?”

दोन तास हेच चाललं. माणूस खोटं पाठ करून आला की त्याला त्याच प्रश्नावर घेरून उपयोग नसतो. मी चहा मागवला आणि विचारलं, “तुमच्या घरी कोणती गाडी आहे?”

तो सैलावला. “हीच की, पण यंदाची. सहा एअरबॅग. लेकरंबाळं बसतात, साहेब.”

“चौदाची का नाही ठेवली? इंजिन तर तेच.”

“चौदाची?” तो हसला. “तिच्यात काय हाय, झाकणाखाली फोम कोंबून...”

तो थांबला. फोमचं आम्हा चौघांखेरीज कुणालाच ठाऊक नव्हतं.

आयुष्यात आरोपीवर हात उगारावासा वाटला तो त्याच क्षणी. उगारला नाही. टेबल मात्र इतक्या जोरात आपटलं की चहा जबाबाच्या कोऱ्या कागदांवर सांडला. “स्वतःच्या लेकरांना सहा, आणि दुसऱ्याच्या लेकरांच्या बापाला फोम?” त्यानंतर त्याने सगळं ओकलं. त्याच्या गोदामातून नंबर ठोकायचे ठसे जप्त केले. प्रयोगशाळेने चेसीवरचा घासून काढलेला जुना नंबर उमटवून दिला. तो चौदाचाच निघाला.

त्याने अशा आणखी तीन गाड्या विकल्या होत्या. त्यातली एक किल्लारीला होती. ती जप्त करायला मी स्वतः गेलो. दारात गाडी धुऊन उभी, घरातली माणसं लग्नाला निघायच्या तयारीत.

मालक म्हणाला, “साहेब, वरीस झालं, येकदा बी खोळंबली न्हाई. कशाला नेऊ लागलेत?”

मी झाकण काढून दाखवलं. त्याने आत बोटं घातली, फोमचा तुकडा बाहेर काढला. त्याच्या आईने गाडीत बसलेल्या दोन्ही नातवंडांना खाली उतरवलं.

फसवणूक आणि बनावट दस्तऐवजांसोबत सदोष मनुष्यवधाचं कलम लावावं म्हणून मी भांडलो. वरिष्ठ म्हणाले, टिकणार नाही. मी लावलं. त्याला जामीन मिळाला, खटला अजून चालू आहे, आणि तो दुसऱ्याच्या नावाने तोच धंदा करतो असं कानावर येतं. ऐकलं की रक्त उसळतं.

कंधारच्या त्या शेतकऱ्यावरचा ठपका काढण्याचा अहवाल मी न्यायालयात पाठवला. तो मंजूर झाल्यावर प्रत ताईंना नेऊन दिली. त्यांनी उभ्यानेच वाचली.

“साहेब, पयल्या दिशी मी येकटी बोलत होते तवा का न्हाई ऐकलं?”

गुन्हेगारांबद्दल या प्रकरणाने मला फारसं नवं शिकवलं नाही, ते असेच असतात. शिकवलं ते आमच्याबद्दल. मेलेला माणूस जबाब द्यायला येत नाही, म्हणून त्याला आरोपी करणं आम्हाला सर्वांत सोपं जातं. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत मयतावर दोष ठेवणाऱ्या एकाही कागदावर मी त्याच्या घरच्या माणसाचं समोर बसवून ऐकल्याशिवाय सही केली नाही. पण त्याआधी अशा किती सह्या केल्या असतील, हे मोजायची हिंमत मला झालेली नाही.