शकूताईचा श्वास

शकूताईला जाऊन महिना होत आला. त्या दुपारी मी तिच्या पलंगाशेजारीच होते. ती झोपली की मी जवळ बसायचं, हे आमचं ठरलेलं... का ठरलं, ते सांगायचं तर टँकरपासून सुरुवात करायला हवी.

दुष्काळाच्या वर्षी फुलंब्री रोडच्या आमच्या नव्या कॉलनीत नळ होते, पाणी नव्हतं. टँकरची वाट बघत आम्ही बायका हंडे घेऊन एकमेकींवर खेकसायचो. शेजारची शकूताई एकदा म्हणाली, "भांडता कशाला गं? दमानं श्वास घ्या. त्याला टँकर लागत नाय." आणि मोकळ्या प्लॉटवर चटई टाकून बसलीच. असा तिचा प्राणायामाचा वर्ग सुरू झाला. पुढे प्लॉटवर अपार्टमेंट उभं राहिलं, वर्ग गच्चीवर गेला. तिच्यासारखी भस्त्रिका कुणालाच जमली नाही. छाती भात्यासारखी हलायची, चेहरा मात्र शांत.

एका सकाळी गच्चीवरच ती कोसळली. मेंदूत रक्तस्राव झाला होता. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात आत सोडलं तर काय, बेशुद्ध शकूताईची भस्त्रिका चालू! जोरात, एका लयीत. तिच्या यजमानांचे, भाऊजींचे, डोळे भरून आले. "बघा, बेशुद्धीतबी सोडंना!" आम्ही हात जोडले. फक्त तिच्या डोळ्यांकडे मला बघवेना. अर्धवट उघडे होते, आणि त्यांत ती नव्हती.

डॉक्टरांनी रक्ताचा रिपोर्ट बघून आम्हाला बाजूला घेतलं. "हा प्राणायाम नाही. मेंदूला इजा झालीय, म्हणून श्वास धावतोय. असा धावला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड फार कमी होतो, मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात, त्याला रक्त पुरत नाही. वाढला तर वाहिन्या फुगतात, डोक्यातला दाब वाढतो. मधोमध राखायचाय." जो वायू बाहेर टाकायला ती आम्हाला शिकवायची, त्याच्यावाचून तिचं अडलं होतं. झोपेचं औषध देऊन मशीन लावलं, श्वास संथ केला.

शकूताई परत आली. पाय ओढायची, शब्द अडायचे, पण आली. मी कौतुकानं म्हटलं, "बेशुद्धीतही भस्त्रिका करत होतीस बरं का." तिनं मान हलवली.

"ती मी नव्हते गं. मला समदं ऐकू येत व्हतं. कुणीतरी माझ्या छातीत बसून श्वास घेत व्हतं. मी म्हणत व्हते, थांब. ते ऐकंना."

तिनं पुन्हा वर्ग घेतला नाही. झोपायलाही भ्यायची. "मरायचं भ्या नाय," म्हणायची, "पण शेवटचा श्वास माझा मला घेऊ दे. ते आलं, तर उठव मला." म्हणून दुपारी मी बसायची, रात्री भाऊजी.

त्या दुपारी ते आलं नाही. श्वास हळू होत गेला, थांबला, पुन्हा आला... मी घाबरून हाक मारली. तिनं डोळे उघडले, मला ओळखलं. "ऱ्हाऊ दे," म्हणाली. मग एक लांब श्वास घेतला आणि सावकाश सोडला. तो तिचाच होता. भाऊजींनी आल्या आल्या पहिलं तेच विचारलं, शेवटचा श्वास तिचाच होता ना, आणि मी छातीवर हात ठेवून हो म्हणाले.

अजूनही दुपारची कामं आटोपली की मी त्या खोलीत जाऊन बसते. भाऊजी खुर्ची पुढे करतात. इतकी शांतता असते की माझाच श्वास मला ऐकू येतो. तो मी घेत नसते, आपला चाललेला असतो... मग घेतंय कोण? हल्ली मलाही झोपायची भीती वाटते. आणि जरा बस गं माझ्याजवळ, असं जिला म्हणावं, ती शकूताईच आता नाही.