अक्काच्या हाताला चटका लागत नाही

आमच्या धरणगावच्या घरात आखाजीचे, म्हणजे अक्षय्य तृतीयेचे, मांडे करावेत ते माझ्या मोठ्या जावेनंच. तिला सगळे अक्का म्हणतात. पुरण भरलेला उंडा हातांवर झेलत ती कोपरापर्यंत पसरवायची आणि चुलीवरच्या पालथ्या, तापल्या खापरावर अलगद टाकायची. माझा मांडा घडी पडून बसायचा, वर हात भाजायचे ते वेगळेच. "अक्काना हातले चटकाच लागत नही!" बायका म्हणायच्या. अक्का फुशारायची. मला, खरं सांगते, हेवा वाटायचा.

तिच्या उजव्या कोपराखाली एक फिकट चट्टा होता. धगीनं आला असेल, असं आम्हीच ठरवून टाकलं. खाजत नाही, दुखत नाही, मग काळजी कसली? पुढं तिचे मांडे कडेला फाटायला लागले, करंगळी वाकडी राहू लागली. नजर लागली म्हणे. मीठमोहऱ्या ओवाळून झाल्या. करंगळी होती तशीच.

एका आखाजीला ती माझी थट्टा करत होती आणि तिचा हात खापराच्या कडेला टेकला होता. कातडी जळाल्याचा वास मला आला. हात उचल म्हणून मी ओरडले, तर म्हणते कशी, "काय व्हयनं वं?" मीच तिचा हात ओढून बाजूला केला.

जळगावच्या डॉक्टरांनी तिला डोळे मिटायला लावले आणि चट्ट्यावर कापूस फिरवला. "कुठं लागतंय, दाखवा." अक्का वाट बघत बसली. कापूस केव्हाच फिरवून झाला होता. मग त्यांनी कोपरामागची जाड झालेली नस चाचपली. कुष्ठरोग. यात वर नुसता चट्टा दिसतो आणि आत नस मरत जाते. आधी ऊन-गार कळेनासं होतं, मग दुखणं कळत नाही, मग बोटं वाकतात. गोळ्यांनी रोग जाईल, दुसऱ्या कुणाला लागणार नाही, असं ते म्हणाले.

अक्कानं एकच विचारलं, "चटका परत लागेल का?"

"डावा हात वाचला. उजव्याचं सांगता येत नाही."

गोळ्या संपल्या, रोग गेला. उजव्या हाताला अजून काही कळत नाही. यंदा तिनं नव्या सुनेला खापरापुढं बसवलं. पहिल्याच मांड्याला पोरगी "आई गं!" म्हणून किंचाळली. बायका हसल्या. सासूचे हात हिला कुठले, एक म्हणाली.

अक्का हसली नाही. सुनेचा हात तिनं गार पाण्यात धरला.

"लागना ना चटका? चांगलं शे, बेटा."