नातीच्या पत्रिकेवरचे काळे अक्षर

श्रीगजाननाला वंदन करून आणि सप्तशृंगनिवासिनी जगदंबेचे स्मरण करून, नातीच्या विवाहाची पहिली पत्रिका देवीपुढे ठेवली त्या प्रसंगाविषयी लिहितो.

आमच्या घरचा रिवाज असा की नमुन्याची पत्रिका वणीला न्यायची, घरातील वडीलधाऱ्याने ती देवीपुढे मोठ्याने वाचायची आणि मगच बाकीच्या छापायला टाकायच्या. नात अक्षररचना शिकलेली. वराकडची मंडळी परप्रांतातील, म्हणून पत्रिका तिने इंग्रजीत रचली. निघायच्या आदल्या दिवशी तिने ती माझ्या हाती दिली आणि मी सुन्न झालो. मंगलकार्याच्या पत्रिकेवर काळीकुट्ट, टोकदार अक्षरे, एकमेकांना खेटून उभी. गोलाई कुठेच नाही; जिथे वळायचे तिथे रेघ मोडलेली. हेच अक्षर मी गंगापूर रोडवरच्या बारच्या पाटीवर पाहिले होते, आणि एका तरुणाच्या दंडावर, कवटीखाली गोंदलेले.

“हे दारूच्या दुकानाचं अक्षर आहे,” मी म्हणालो.

“आजोबा, दुकानात ते फार नंतर गेलं. याला ब्लॅकलेटर म्हणतात. युरोपातल्या मठांत धर्मग्रंथ याच अक्षरात लिहीत. वर्तमानपत्रांच्या नावांना, पदव्यांच्या प्रमाणपत्रांना अजून वापरतात. आपलं घर पोथ्यांचं, म्हणून तर मी हे निवडलं.”

मी भिंग घेतले. जाड उभी रेघ, बारीक तिरपी रेघ, टोकाला पत्त्यांतल्या चौकटीसारखा कोन. तिरप्या कापलेल्या बोरूची ही चाल माझ्या बोटांना ओळखीची होती; ऐन उमेदीची वर्षे मी पोथ्या उतरवण्यात घालवली आहेत. पहिल्यापेक्षा हा धक्का मोठा होता. कोणा भाविकाने स्नान करून, मन लावून घडवलेली रेघ बाटलीपर्यंत पोहोचावी?

“मग देवीपुढे वाचाल ना?” नातीने विचारले.

मी वाचू लागलो आणि वराच्या नावाशीच अडलो. सूनबाई पुढे झाल्या, त्याही थांबल्या.

“अगं, नवरदेव आहे की जाळीचा दरवाजा?” त्या म्हणाल्या.

नात हसली नाही. “नावांची सगळी अक्षरं मोठ्या लिपीतली, कॅपिटल घेतली,” ती हळूच म्हणाली. “या वळणात तसं करत नाहीत. मोठं अक्षर फक्त आरंभी घ्यायचं. मला कळायला हवं होतं. पण दिसायला भरदार वाटलं.”

“भरदार आहेच. पण आई जगदंबेला ऐकवायचं काय?” मी म्हणालो.

तिने लगेच बैठक मारली. आरंभीची अक्षरे तेवढी मोठी ठेवली, बाकीची लहान केली, ओळी सैल केल्या, काळ्याऐवजी कुंकवाचा रंग घेतला. दुसऱ्या दिवशी गडावर, गर्दीच्या रेट्यात, मी दोन्ही नावे न अडखळता वाचली. नात माझ्या मागे उभी होती. तिचा रोखलेला श्वास सुटलेला मला ऐकू आला.

पत्रिका छापून घरोघरी गेल्या. माझे मन मात्र अजून स्थिर नाही. आमच्या पोथीचे वळणही उद्या कुठे विकायला बसेल, या विचाराने दचकायला होते. वाचकहो, जगदंबा तुमच्या हातून शुद्ध अक्षर लिहवून घेवो, आणि तुमच्या उंबरठ्याआत जी नावे प्रेमाने घेतली जातात, ती सर्व दीर्घायुषी होवोत.