बाबाचा डावा गाल

रिठदकर मंडळी, आज पयल्यांदा वस्तऱ्याले धार लावली.

बाबाले लकवा मारला, डावी बाजू सुन्न झाली. दाढी मात्र त्याइले सोताच्याच वस्तऱ्यानं पायजे. मी तो दगडावर घासला अन् चामड्याच्या पट्ट्यावर फिरवू लागलो.

"वस्तऱ्याची पाठ पुढं घे, धार मांगं," बाबा खाटेवरून बोलले. तोवर पट्टा चिरला होता अन् धारही गेली होती.

तरी तसाच वस्तरा गालावर चालवला. उजवीकडं जरासं लागलं, तं बाबा म्हणे, "हळू रे." डावीकडं चांगलंच कापलं, रक्त गळ्यावर आलं. बाबा खिडकीबाहेर पाहून राह्यले होते.

"झाली का?"

"झाली," म्हटलं अन् रक्त पुसलं. त्याइले काही कळलं नाही, तं मलेही काही वाटलं नाही.

मंग त्याइनं आरसा मांगतला. मी दिला नाही. तुमी दिला असता का?